किनाऱ्यावरचा पहारेकरी

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) मिरजगाव या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. कर्जत तालुक्यातील हे गाव नगर–सोलापूर रस्त्यावर आहे. पाऊस कमी, उन्हाळा कडक, आणि समुद्र तर सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरांहून दूर. येथील पुष्कळ मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो तो शाळेच्या सहलीत. मग समुद्रकिनाऱ्यावरच्या लेखाची सुरुवात मिरजगावपासून कशाला, असे तुम्ही विचाराल.

त्याचे कारण असे, की मिरजगावजवळही पाण्याचा एक मोठा काठ आहे. निमगाव गांगर्डा येथे सीना नदीवर धरण बांधलेले आहे. चांगला पाऊस झाला, किंवा कुकडीचे पाणी भोसे खिंडीतून सीनेत आले, की जलाशय भरतो आणि पाणी दूरवर पसरते. मार्च-एप्रिलमध्ये तेच पाणी इतके मागे सरते, की काल जेथे लाटा होत्या तेथे आज भेगाळलेला गाळ दिसतो. आता एक साधा प्रश्न. या जलाशयाचा काठ नेमका कोठे आहे? तुम्ही बोट दाखवाल ती जागा आजची. गेल्या महिन्यातली जागा सांगता येईल का? गेल्या वर्षी याच तारखेची?

हाच प्रश्न समुद्रकाठी राहणाऱ्या लोकांपुढे रोज उभा असतो, आणि तेथे तो केवळ कुतूहलाचा राहत नाही. मालवणजवळच्या देवबागचे उदाहरण घ्या. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर घरे, माडांच्या बागा आणि होड्या. काठ दहा मीटर मागे आला तर येथे कोणाचे तरी अंगण जाते. म्हणून काठावर सतत नजर ठेवणारा एक पहारेकरी शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तो झोपत नाही, जागा सोडत नाही, आणि पाहिलेले विसरत नाही. हा पहारेकरी म्हणजे एका जागी घट्ट बसवलेला चलच्चित्रणाचा कॅमेरा.

काठ म्हणजे रेघ नव्हे

नकाशात समुद्राचा काठ एका रेघेने दाखवलेला असतो. प्रत्यक्ष पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभे राहून पाहा. लाट येते, पाय भिजवते, मागे जाते. पुढची लाट दोन हात पुढे येते, त्यापुढची चार हात मागेच थांबते. म्हणजे काठ दर दहा-बारा सेकंदांनी हलतो.

त्यात भरती-ओहोटी आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या वेळी, मुंबईला हा चढउतार चार मीटरांहूनही अधिक असतो. पुळणीचा उतार मंद असेल तर तेवढ्यासाठी पाण्याची कड शे-दोनशे मीटर मागेपुढे होते.

त्याहून संथ हालचाल ऋतूंची. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे कोकणच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा आदळतात. त्या पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट उंचवटा करतात. याला वाळूचा दांडा म्हणतात. पावसाळा संपला की लहान, संथ लाटा हीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून ऑगस्टमध्ये खडक उघडे पडलेली पुळण फेब्रुवारीत पुन्हा रुंद दिसते. ही वाळू हरवलेली नसते, ती पाण्याखाली ठेव म्हणून ठेवलेली असते.

खरी काळजी निराळ्याच हालचालीची असते. ही ठेव दरवर्षी पुरती परत येते का? शंभर भाग वाळू गेली आणि अठ्ठ्याण्णवच भाग परत आली, तर एका वर्षात काहीच कळत नाही. वीस वर्षांत मात्र सुरूची झाडे उन्मळून पडू लागतात. सेकंदांची, तासांची आणि ऋतूंची हालचाल ओळखून बाजूला काढल्याखेरीज ही वर्षांची हालचाल दिसत नाही. एखाद्याच दिवशी जाऊन मोजमाप घेतले तर ते या चारांपैकी कशाचे, हेच कळणार नाही.

उपग्रह असताना कॅमेरा कशाला?

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे तपासून भारताच्या मुख्य भूमीच्या ६,९०७ किलोमीटर किनाऱ्याचा हिशेब मांडला. त्यांत ३३.६ टक्के किनाऱ्याची कमीअधिक धूप होत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांश आहे. एवढ्या लांबीची पाहणी उपग्रहावाचून झालीच नसती.

पण उपग्रहाची एक अडचण आहे. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रातील सर्वांत लहान ठिपका जमिनीवरच्या १० मीटर गुणिले १० मीटर चौकोनाएवढा असतो, आणि ते एका जागेवरून साधारण पाच दिवसांनी जातात. शिवाय त्यांना ढगांपलीकडचे दिसत नाही. कोकणची पुळण सर्वांत जास्त बदलते ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले. नाटकाचा मुख्य अंक सुरू झाला की नेमका पडदा पडावा, तशी ही गत आहे.

मग माणसांनी जाऊन मोजावे का? मोजतात. हातात मोजपट्टी आणि पातळी घेऊन पुळणीचे छेद घेण्याची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नॅराबीन पुळणीवर १९७६ पासून अशी मोजणी चालू आहे. पण जुलैच्या उधाणात फुटणाऱ्या लाटांत उभे राहून पाण्याखालचा तळ कोण मोजणार? ढगांखाली राहणारा, पण लाटांच्या बाहेर उभा असलेला निरीक्षकच येथे हवा.

दहा मिनिटांचे एक चित्र

या पद्धतीची वाढ १९८० नंतरच्या दशकात झाली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डक नावाच्या गावी तेथील लष्करी अभियंत्यांचे सागरी संशोधन केंद्र आहे. ओरेगन राज्य विद्यापीठाचे रॉब होलमन आणि त्यांचे सहकारी तेथे लाटांचा अभ्यास करीत होते. सुमारे ४० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर कॅमेरा ठेवून त्यांनी १९८६ साली किनाऱ्याचे चित्रण केले. पुढे या कॅमेऱ्यांच्या संचाला आर्गस असे नाव मिळाले. ग्रीक पुराणात आर्गस हा शंभर डोळ्यांचा राखणदार आहे. आपल्याकडच्या सहस्राक्ष इंद्राचा तो दूरचा नातेवाईकच म्हणा ना!

त्यांची मुख्य युक्ती विलक्षण सोपी होती. लाटांचे एक छायाचित्र काढले तर त्यात एका क्षणाच्या लाटा दिसतात. त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी दहा मिनिटे, दर सेकंदाला एक, अशी ६०० चित्रे घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी.

चित्रांची सरासरी म्हणजे काय? संगणकातील चित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणाला एक अंक असतो. काळ्याला ०, पांढऱ्याला २५५, आणि करड्या छटांना मधले अंक. समजा, फेसाळ पाण्याचा अंक २०० आणि साध्या पाण्याचा ६० आहे. एका जागी दहा चित्रांपैकी सातांत फेस दिसला. तेथील सरासरी झाली (७ × २०० + ३ × ६०) ÷ १०, म्हणजे १५८. दुसऱ्या जागी दहांपैकी एकाच चित्रात फेस होता. तेथील सरासरी (१ × २०० + ९ × ६०) ÷ १०, म्हणजे ७४. पहिली जागा सरासरी चित्रात उजळ दिसेल, दुसरी काळसर. चंचल लाटा पुसल्या जातात आणि लाटा नेहमी कोठे फुटतात, तेवढेच चित्रात उरते.

आता विचार करा, लाट फुटते कोठे? खोल समुद्रावरून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीपेक्षा थोडीच अधिक उरली की लाट तोल जाऊन कोसळते. म्हणजे जेथे फेस, तेथे उथळ. म्हणूनच सरासरी चित्रातला समुद्रातील पांढरा पट्टा म्हणजे पाण्याखाली दडलेला वाळूचा दांडा! पाण्यात पाऊल न टाकता शास्त्रज्ञांना त्याचा आकार दिसू लागला. आज सरळ असलेला दांडा आठवड्यात नागमोडी होतो, वादळ आले की एका रात्रीत खोल पाण्याकडे सरकतो, हे सारे रोजच्या चित्रांतून उघड झाले.

या सरासरीचा आणखी एक गमतीदार परिणाम होतो. पुळणीवर फिरणारी माणसे एका जागी दहा मिनिटे थांबत नाहीत. त्यामुळे ती सरासरी चित्रातून नाहीशी होतात. कॅमेरा काठावर पहारा करतो, फिरणाऱ्यांवर नव्हे.

चित्रातून नकाशा

चित्र मिळाले, पण त्यावर मोजपट्टी कशी लावायची? रेल्वेचे रूळ लांबवर एकमेकांना भेटल्यासारखे दिसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॅमेऱ्यातही जवळची वाळू मोठी आणि दूरची आखूड दिसते. म्हणून किनाऱ्यावरच्या काही न हलणाऱ्या खुणा निवडतात. देवळाची पायरी, विजेचा खांब, बंधाऱ्याचा कोपरा अशा जागांची खरी स्थाने मोजणी करून काढलेली असतात. सपाट पृष्ठभागावरचे असे निदान चार बिंदू चित्रात ओळखता आले, की चित्रातील कोणत्याही ठिपक्याची त्या पृष्ठभागावरील जागा गणिताने काढता येते. जणू चित्र ताणून, सरळ करून त्याचा नकाशा केला जातो.

यात कॅमेऱ्याची उंची फार महत्त्वाची आहे. समरूप त्रिकोणांनी हे तुम्ही स्वतः पडताळू शकाल. एक ठिपका एका रेडियनच्या दोनहजाराव्या भागाएवढा कोन व्यापतो असे धरू. कॅमेरा २० मीटर उंच असेल तर २०० मीटर अंतरावर तो ठिपका किनाऱ्यावरची सुमारे १ मीटर लांबी व्यापतो. (अंतराचा वर्ग भागिले उंची, भागिले २०००: ४०,००० ÷ २० ÷ २,००० = १.) तोच कॅमेरा माणसाएवढ्या उंचीवर, २ मीटरांवर ठेवला तर ठिपका १० मीटरांचा होतो. आणि २० मीटर उंचीवरूनही एक किलोमीटर दूर पाहू लागलो तर २५ मीटरांचा. म्हणून हे कॅमेरे मनोऱ्यावर, दीपगृहावर किंवा उंच इमारतीवर लावतात. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे १९९९ मध्ये असे कॅमेरे एका उंच इमारतीवर बसवले गेले. तेथे वाळू भरलेल्या मोठ्या पिशव्यांचा कृत्रिम बांध समुद्रात घातला जात होता. त्याने पुळण रुंदावते का, हे त्यांना पाहायचे होते.

पाणी हीच पातळी

आता या पद्धतीतील सर्वांत सुंदर कल्पना पाहू या. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी पाण्याची नळी वापरतो, कारण स्थिर पाणी आपली पातळी आपण राखते. समुद्राचेही तसेच आहे. एका क्षणी पाण्याची कड पुळणीवर जेथे जेथे टेकते, त्या सर्व जागा जवळजवळ एकाच उंचीच्या असतात. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्चरेषा ती हीच!

भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटांचे एक सरासरी चित्र घेतले तर तेरा चित्रे होतील. प्रत्येकात पाण्याची कड निराळ्या उंचीवर. ती उंची भरतीमापकावरून कळते. मुंबईच्या अपोलो बंदरावर तर १८७८ पासून अशा नोंदी होत आल्या आहेत. तेरा कडा एका नकाशावर काढल्या की पुळणीचा उंचसखल नकाशा तयार. समुद्राने स्वतःच समोच्चरेषा आखून द्यायच्या, आणि आपण त्या फक्त गिरवायच्या. लाटांमुळे किनाऱ्याशी पाणी भरतीमापकाच्या आकड्यापेक्षा थोडे चढलेले असते. तेवढी दुरुस्ती मात्र करावी लागते.

यावरून वाळूचा हिशेबही होतो. समजा, एका पुळणीचा उतार २० मीटरांस १ मीटर आहे. त्याच पातळीची कड गेल्या वर्षीपेक्षा १० मीटर जमिनीकडे आली. म्हणजे तेथील पृष्ठभाग १० ÷ २०, म्हणजे अर्धा मीटर खाली गेला. ही खच १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद भागात सारखी झाली असेल तर गेलेली वाळू १००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे ३५० ब्रास वाळू! चार ब्रासचा एक डंपर धरला तर जवळजवळ नव्वद डंपर. समुद्राने हे ओझे कसलाही आवाज न करता हलवलेले असते.

लाटेवरून खोली

पुळणीचा उघडा भाग मोजला, आता सदैव पाण्याखाली असणारा तळ. त्यासाठी भौतिकशास्त्रातील एक नियम उपयोगी पडतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग केवळ खोलीवर अवलंबून असतो. वेगाचा वर्ग बरोबर गुरुत्वत्वरण (९.८) गुणिले खोली.

कॅमेऱ्याच्या चित्रमालेत एका लाटेचा माथा १०० मीटर अंतर २० सेकंदांत कापताना दिसला. वेग सेकंदाला ५ मीटर. त्याचा वर्ग २५. त्याला ९.८ ने भागा. खोली सुमारे अडीच मीटर. दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडावे लागले नाही, होडीही लागली नाही. होलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच तत्त्वावर संगणकाने किनाऱ्यालगतची खोली काढण्याची एक सविस्तर पद्धत मांडली. एकेक लाट मोजण्याऐवजी ती हजारो ठिपक्यांवरच्या लाटांचा एकत्र हिशेब करते.

जिवाशी गाठ

येथे थोडे थांबून एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याचे १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. कोकणात सहलीला जाणारी बहुतेक मुले घाटावरची असतात. त्यांना विहिरीचे, नदीचे पाणी ठाऊक असते. समुद्राच्या पाण्याची ओढ ठाऊक नसते.

लाटा वाळूच्या दांड्यावरून आत पाणी लोटत राहतात. ते पाणी परत जाणार कोठून? दांड्यात जेथे खिंड असेल तेथून. तेथे ते एखाद्या ओढ्यासारखे जोराने समुद्राकडे धावते. याला रिप प्रवाह म्हणतात. खिंडीत पाणी खोल, म्हणून तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत पाणी. पोहायला उतरणारा नवखा माणूस नेमकी तीच शांत जागा निवडतो! सरासरी चित्रात मात्र ही खिंड लपत नाही. पांढऱ्या पट्ट्यात ती काळ्या फटीसारखी स्पष्ट दिसते. ही फट आठवड्या-दोन आठवड्यांत जागाही बदलते. म्हणून गेल्या वर्षी सुरक्षित असलेली जागा या वर्षीही तशीच असेल असे धरून चालू नये. काठावरच्या लोकांना विचारल्यावाचून पाण्यात उतरू नका. प्रवाहाने कधी ओढलेच तर त्याच्याविरुद्ध झगडू नका. काठाला समांतर पोहून त्याच्या बाहेर पडा, आणि हात वर करून मदत मागा.

आपल्या किनाऱ्यांवर

आपल्या देशातही हे काम सुरू झाले आहे. तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय पृथ्वीविज्ञान अभ्यास केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्या शहराच्या वलियतुरा किनाऱ्यावर असा कॅमेरा बसवून पुळणीचा अभ्यास केला आहे. हा किनारा पावसाळी लाटांनी वारंवार झोडपला जातो.

अशा पहाऱ्याची गरज किती आहे हे गोव्याच्या एका प्रसंगातून दिसते. जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचे मोठे जहाज कांदोळीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. ते काढायला तब्बल बारा वर्षे लागली. एवढे मोठे धूड किनाऱ्यासमोर आडवे पडले की ते लाटा अडवते. त्याच्या आडोशाला वाळू साचते आणि शेजारच्या भागाला वाळूचा वाटा कमी मिळतो. जहाजामागे पुळण पुढे आली आणि बाजूचा किनारा खचला, याची चर्चा गोव्यात वर्षानुवर्षे चालली. तेथे पहिल्या दिवसापासून कॅमेरा असता तर जहाजाचा दोष किती आणि पावसाळ्याचा नेहमीचा हिशेब किती, हे आकड्यांत मांडता आले असते.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचेही तसेच आहे. दगडी भिंत मागच्या घरांना आधार देते, हे खरे. परंतु भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते, आणि भिंत जेथे संपते तेथे पुढच्या वाडीचा किनारा अधिक जोराने खचू शकतो. बांधण्यापूर्वीची दोन-तीन वर्षे आणि नंतरची दहा वर्षे यांची रोजची चित्रे असतील तर बंधारा कोणाच्या उपयोगी पडला आणि कोणाला नडला, हे भांडणावाचून सांगता येते. १९१६ मध्ये स्थापन झालेली, पुण्याजवळ खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था किनाऱ्यांच्या लहान प्रतिकृती बनवून त्यांवर लाटा सोडून पाहते. प्रतिकृतीत दिसलेले प्रत्यक्षातही घडते का, हे ताडून पाहायला किनाऱ्यावरचा न मिटणारा डोळा फार कामाचा.

या पहारेकऱ्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. रात्री त्याला दिसत नाही. मुसळधार पावसात भिंगावर थेंब साचतात, खारा वारा धातू खातो. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कलणारा खांब! मघाच्या उदाहरणात कॅमेरा एका ठिपक्याएवढा जरी वाकला, तरी २०० मीटरांवर १ मीटरची चूक होते. मग समुद्र सरकला की खांब, हे कसे कळणार? म्हणून प्रत्येक चित्रात त्या न हलणाऱ्या खुणा आधी तपासतात. खुणा जागेवर असतील तरच काठाचे माप घेतात. साक्षीदाराचीही साक्ष काढायची, हा विज्ञानाचा नियम आहे.

सीनेच्या काठी करून पाहा

आता पुन्हा मिरजगावला जाऊ. महागडा कॅमेरा नसला तरी हा अभ्यास अडत नाही. २०१७ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. पुळणीशेजारी उंच जागी एक पक्का खांब आणि त्यावर मोबाइल फोन ठेवण्यापुरता खाचेचा आधार. येणाऱ्या-जाणाऱ्याने फोन खाचेत ठेवावा, चित्र काढावे आणि पाठवून द्यावे. चित्रे काढणारे शेकडो, पण दृश्य एकच! या प्रयोगाचे नाव कोस्टस्नॅप. पुढे तो अनेक देशांत पसरला.

तुम्ही हे सीना धरणाच्या जलाशयावर, किंवा १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात बांधल्या गेलेल्या पाझर तलावांपैकी एखाद्यावर करू शकाल. शिक्षकांना बरोबर घ्या. धरणक्षेत्रात छायाचित्रे काढायची असतील तर आधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या. गाळात आणि पाण्यात मुळीच उतरू नका.

१. जलाशय दिसेल अशी उंच जागा निवडा. तेथे दगडाच्या पक्क्या कट्ट्यावर फोन बसेल अशी लाकडी खाच घट्ट बसवा.

२. चित्रात येतील अशा चार न हलणाऱ्या खुणा ठरवा. त्यांतील अंतरे टेपने मोजून वहीत आराखडा काढा.

३. दर रविवारी सकाळी एकाच वेळी एक चित्र काढा. त्यावर तारीख घाला, आणि त्या दिवशीची पाणीपातळी धरणावरच्या मोजपट्टीवरून विचारून लिहून ठेवा. तलावावर मोजपट्टी नसेल तर सांडव्याच्या कड्यापासून पाणी किती खाली आहे ते शिक्षकांच्या मदतीने मोजा.

४. प्रत्येक चित्रातील पाण्याची कड एकाच पारदर्शक कागदावर गिरवा. दिवाळीपासून मेपर्यंत सुमारे तीस रेषा होतील.

काय तयार झाले? समुद्राची भरती-ओहोटी सहा तासांत करते ते काम सीनेने सहा-सात महिन्यांत केले. तुमच्या हाती जलाशयाच्या तळाचा समोच्चरेषांचा नकाशा आला.

पण खरी मौज दुसऱ्या वर्षी. पुढच्या वर्षी पाणी नेमके त्याच पातळीला येईल त्या दिवशीचे चित्र काढून जुन्या रेषेशी ताडून पाहा. तेथील उतार ४० मीटरांस १ मीटर आहे आणि नवी कड जुन्या कडेपेक्षा ४ मीटर पाण्याकडे सरकली आहे असे समजा. ४ ÷ ४०, म्हणजे ०.१ मीटर. तळावर १० सेंटिमीटर गाळ साचला! तेवढ्या जागेत आता पाणी मावणार नाही. दुष्काळी तालुक्यात याचा अर्थ काय, हे तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

शिक्षकांना एक विनंती. या नोंदीची वही दहावीच्या मुलांबरोबर शाळेबाहेर जाऊ देऊ नका. ती नववीच्या मुलांच्या हाती द्या. एका वर्षाच्या चित्रांतून ऋतू दिसतो. दहा वर्षांच्या चित्रांतून बदल दिसतो. नॅराबीनच्या पुळणीची मोजणी मौल्यवान ठरली ती काही भारी यंत्रांमुळे नव्हे. ती थांबली नाही, म्हणून.

आणि पुढच्या सहलीत तुम्ही कोकणात जाल तेव्हा पाण्यात धावण्यापूर्वी दहा मिनिटे उंच जागी बसा. फेसाचा पट्टा कोठे आहे, त्यात फट कोठे आहे, लाट काठापर्यंत यायला किती सेकंद घेते, हे नीट पाहा. सहाशे चित्रांची सरासरी तुमच्या मनातही निघू लागेल. मग समोरचा समुद्र तुम्हाला निराळाच दिसेल.